व्यायामानंतर अंगाला वास मारतो? आधी टी-शर्ट हुंगून बघा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. जिम आटपून मी आणि दोस्त एकाच गाडीवरनं बेळगावातल्या वडगावला परत यायलो होतो, मी चालवायलो होतो, तो मागं. आरपीडी कॉलेजजवळ गाडी जरा स्लो झाली तसा तो म्हणाला, "गा, उद्यापासनं गाडी मी चालवतो, तू मागं बस." मला वाटलं पोराला चांगुलपणा सुचलाय. दोन दिवसांनी वारं कुठनं कुठं जातंय ते लक्षात आलं आणि मग रात्रभर झोप नाही.

मग सगळे करतात तेच मी पण केलं, खडेबाजारातनं सगळ्यात कडक वासाचा डिओ आणला आणि जिमला जायच्या आधी अर्धा मिनिट नुसता फवारला. अर्ध्या तासानं जो काही वास तयार झाला तो म्हणजे अगरबत्तीच्या गोदामात कांद्याचं पोतं सडलंय असा. घरी येऊन बहिणीला विचारलं, ती म्हणाली पहिला वास परवडला.

त्यानंतर सात-आठ महिने एकेक करून बघितलं, थोडं वाचलं, एका स्किनच्या डॉक्टरला पण दाखवलं. आता दोस्त परत मागं बसतो. जे उपयोगी पडलं ते आणि जे फुकट गेलं ते, दोन्ही लिहितोय.

पहिलं हे डोक्यात घ्या की ताज्या घामाला सहसा वासच नसतो. आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात, त्यातल्या बहुतेक नुसतं खारट पाणी सोडतात, अंग गार करायला. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या जातीच्या ग्रंथी आहेत ज्या वयात आल्यावरच चालू होतात (म्हणून तर पाचवीतल्या पोराला दिवसभर ग्राउंडवर सोडलं तरी त्याला काखेचा असा वास येत नाही, आणि नववीच्या वर्गात मात्र खिडक्या उघडाव्या लागतात). त्या ग्रंथींच्या घामात चरबी, प्रोटीन असलं काय काय असतं आणि कातडीवरचे बॅक्टेरिया ते खाऊन जे मागं सोडतात तो आपला वास. त्यात स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा एक आहे, तो गंधकवाली रसायनं बनवतो, तोच तो कांद्यासारखा उग्र वास. म्हणजे बॅक्टेरिया, ओल आणि वेळ हे तीन एकत्र आले की वास. घाम आपण बंद करू शकत नाही, करायचा पण नाही, अंग तापून चक्कर येईल. ओल आणि वेळ मात्र आपल्या हातात आहे.

आणि ओल म्हटलं की आपलं बेळगाव. जून ते सप्टेंबर इथं कपडे वाळत नाहीत, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, पोरं सांगतात तिकडं चड्डी तिसऱ्या दिवशी पण गारच लागते. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगतात की रोज धुतलेला टी-शर्ट घाला, घालतो की, पण धुतलेला आणि वाळलेला यात फरक आहे ना.

तर आधी चोर शोधा. अंग, कपडा, बूट, बॅग, चौघांतला कोण? आपल्याच नाकावर भरवसा नको, स्वतःच्या वासाची नाकाला सवय होते. घरातल्या एखाद्या तोंडाळ माणसाला विचारा, बहीण असली तर बेस्ट. टी-शर्टाची टेस्ट मी अशी करतो, धुतलेला आणि पूर्ण वाळलेला टी-शर्ट उलटा करून काखेच्या जागी कोमट इस्त्री फिरवायची आणि लगेच हुंगायचं. धुतलेल्या कपड्यातनं गरम झाल्यावर जुना वास उठला तर समजा वास कापडात मुरलाय, तुम्ही कितीही साबण लावून आंघोळ करा, तो टी-शर्ट घालून दहा मिनिटं वॉर्मअप केलं की अंगाच्या गरमीनं परत तेच होणार. माझ्याकडच्या पाच जिमच्या टी-शर्टांतले चार असले निघाले. चारही पॉलिस्टरचे, ते "ड्राय फिट" म्हणून पांगुळ गल्लीत घेतलेले.

पॉलिस्टरचं हे खरंच आहे बरं का. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मधी एक अभ्यास छापलेला, २६ जणांना सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावला, टी-शर्ट २८ तास तसेच ठेवले आणि मग वास घ्यायला माणसं बसवली (काय नोकरी म्हणायची). पॉलिस्टरच्या टी-शर्टांचा वास कॉटनपेक्षा खराब निघाला आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे बॅक्टेरिया जास्त वाढलेले. शिवाय पॉलिस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं, अंगाचं तेल धरून ठेवतं ते साध्या धुण्यात सुटत नाही. म्हणून सगळे पॉलिस्टर टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात कॉटन भिजलं की अंगाला चिकटून बसतं आणि वाळत पण नाही. मी आता असं करतो की वेट ट्रेनिंगला कॉटन, पळायला आणि येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढायला पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर धुण्याची पद्धत बदलली.

ती पद्धत अशी. घरी आल्या आल्या टी-शर्ट बॅगेतनं काढायचा. बॅगेत, नाहीतर धुण्याच्या ढिगात ओला गोळा करून ठेवायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त कंटाळा येणारं काम. लगेच धुणं होत नसलं तर निदान नुसत्या पाण्यातनं खंगाळून दोरीवर टाका, साबण नंतर लावा. आठवड्यातनं एकदा अर्धी बादली पाणी घेऊन त्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर (किराणा दुकानात मिळतो तोच, चायनीजच्या गाड्यावरचा) आणि टी-शर्ट उलटा करून अर्धा तास भिजत घालायचा, मग पाणी ओतून टाकायचं आणि नेहमीची पावडर लावून धुवायचा. काखेच्या जागी ब्रशनं जरा जास्त घासायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर किंवा कसलंही क्लोरीनवालं ब्लीच कधी एकत्र करायचं नाही, त्यातनं विषारी गॅस निघतो. लईच मुरलेला वास असला तर रंगीत कपड्यांसाठी जी ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर मिळते ती कोमट पाण्यात घालून तास-दोन तास भिजवा, माझ्या चारांतले तीन टी-शर्ट त्यानं वाचले. चौथ्याची फरशी पुसायला नेमणूक झाली.

तो सुगंधी कंफर्टवाला कंडिशनर जिमच्या कपड्यांना बंद करा. आईला हे पटवायला मला महिना लागला, तिचं म्हणणं वास येतोय तर वासाचंच घालायला पाहिजे की. पण त्याचा पातळ थर कापडावर बसतो, कापड घाम शोषत नाही आणि थराखाली घाण तशीच राहते. पावडर पण ढीगभर घालू नका. आमच्याकडं नळाला पाणी नसलं की बोअरचं वापरतो, ते जड आहे, फेस धड होत नाही म्हणून माणूस आणखी पावडर ओततो आणि ती कापडात अडकून बसते. बोअरच्या पाण्यानं धुवायचं असलं तर शेवटचं खंगाळणं दोनदा करा.

वाळवणं. ऊन असलं की उलटा करून कडक उन्हात, विषय संपला. पावसाळ्यात मशीनला स्पिन दोनदा, मग हँगरवर, दोन कपड्यांत वीतभर अंतर आणि खाली फॅन. रात्रभर फॅन चालला तर सकाळी पॉलिस्टर वाळतंच. जरा दमट वाटलं तर हलकी इस्त्री. फ्रिजच्या मागं, दाराच्या मागं, एकावर एक टाकून वाळवायचं नाही, तिथं वाळतं ते फक्त वरनं. मशीन वापरत असाल तर महिन्यातनं एकदा मोकळं मशीन गरम पाण्यावर फिरवा आणि एरवी झाकण उघडं ठेवा, रबराच्या कडेला बोट फिरवून बघा, काय काळं निघतंय ते बघून जेवण जाणार नाही.

इथं बायकांसाठी एक, बहिणीनंच सांगितलंय लिहायला. आपल्याकडं आतले कपडे दुसऱ्या कपड्याखाली, नाहीतर न्हाणीत आत, कुणाला दिसणार नाही असे वाळत घालतात. म्हणजे ज्या कपड्याला उन्हाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ऊन मिळत नाही. स्पोर्ट्स ब्रा तर जाड, डबल कापड, इलास्टिकच्या पट्टीत ओल दोन दिवस बसते, तिथंच मग खाज आणि वास. तिनं घरी सरळ सांगितलं, माझे कपडे गच्चीवर उन्हात वाळणार, ज्याला बघायचंय त्यानं बघू दे.

पोरांच्या बाबतीत तेच लंगोट आणि सपोर्टरचं. आमच्या गल्लीच्या तालमीत एक म्हातारे वस्ताद होते, हौद्यात उतरायच्या आधी ते लंगोट हातात घेऊन बघायचे, ओलसर लागला तर बाहेर. आम्हाला वाटायचं म्हातारं खडूस आहे. नंतर कळलं जांघेत जो गजकर्ण होतो तो ओल्या कपड्यानं पसरतो, आणि एकाला झाला की तालीमभर. आता त्याच्यावर सगळ्यात मोठी चूक काय करतात तर मेडिकलमधी जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात आणि त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसात खाज कमी, माणूस खूश, आणि आत फंगस आणखी पसरतो, कातडी पातळ होते, मग तो महिनोन्महिने जात नाही. गोल चट्टा, कडा लाल, खाज असली तर स्वतःची डॉक्टरकी नको.

आता अंग. आंघोळ सगळे करतात पण काख कोण धुतं? दोन तांबे ओतले आणि साबण फिरवला की झालं. साबण हातावर घेऊन फेस करून काखेत मिनिटभर चोळा, मग धुवा. घासणी, दगड, काथ्या नको, कातडी सोलवटली की उलट आग. केस असतील तर ट्रिमरनं बारीक करा, सफाचट करायची गरज नाही, केस कमी झाले की साबण कातडीपर्यंत पोचतो आणि ओल कमी धरते एवढंच. आणि पुसा हो. आंघोळीनंतर काख, जांघ, पायाची बोटं नीट कोरडी करून दोन मिनिटं फॅनखाली उभं राहा, मग कपडे. घाईत ओल्या अंगावर बनियन चढवलं की बॅक्टेरियाची दिवाळी.

व्यायाम झाल्यावर आंघोळ लगेच होत नसली, आपल्याकडं होतच नाही, जिम सुटली की इडली-वडा, चहा, मग दीड तास कोण कुठल्या वॉर्डातनं उभारणार यावर चर्चा, तर निदान बॅगेत एक नॅपकिन ठेवा. ओला करून पिळून काख, मान, छाती पुसा, कोरडा टी-शर्ट घाला, मग बसा दिवसभर. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला येणाऱ्या काकांना पण हेच, घामेजल्या शर्टावर स्वेटर घालून बसू नका.

एवढं करून पण फरक पडला नाही तर पुढची पायरी. स्किनच्या डॉक्टरनं मला बेंझॉईल परॉक्साईडचा वॉश सांगितला, पिंपलसाठी जो मिळतो तो, २.५ टक्क्यांचा. काखेत लावून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि धुवायचं, आठवड्यातनं तीनदा. बॅक्टेरिया मारतो. मला पंधरा दिवसांत फरक कळला. पण सावध, तो कापडाचा रंग खातो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आईच्या नव्या मरून टॉवेलवर नारिंगी-पांढरे नकाशे उमटले आणि पुढचे आठ दिवस वास सोडून घरात टॉवेलचाच विषय. पांढरा टॉवेल वापरा. आग झाली, कातडी सोलली तर बंद करा.

डिओ आणि अँटीपर्स्पिरंट वेगळं हे पण मला तिशीत कळलं. आपल्याकडं जे बॉडी स्प्रे मिळतात ते बहुतेक नुसता सुगंध आणि अल्कोहोल, वास झाकतात, घामाला काही करत नाहीत. अँटीपर्स्पिरंटमधी ॲल्युमिनियमचं मीठ असतं, ते घामाच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतं. ते लावायचं रात्री झोपताना, कोरड्या काखेत, कारण रात्री घाम कमी असतो आणि औषध आत बसायला वेळ मिळतो, सकाळी आंघोळ केली तरी असर राहतो. आम्ही सगळे काय करायचो तर जिमच्या दारात घामाच्या काखेवर लावायचो, ते नुसतं वाहून जायचं. दाढी केल्यासारखी काख केली असेल त्या दिवशी लावू नका. त्यानं कॅन्सर होतो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं, आजवरच्या अभ्यासांत तसा पक्का संबंध दिसलेला नाही. किडनीचा आजार असला तर मात्र डॉक्टरला विचारूनच.

पैसे घालवायचे नसतील तर तुरटी. केस कापायच्या दुकानात दाढीनंतर फिरवतात तीच, दहा-वीस रुपयाचा खडा वर्षभर जातो. ती पण ॲल्युमिनियमचंच मीठ आहे, बॅक्टेरिया वाढू देत नाही. आंघोळीनंतर खडा ओला करून काखेत फिरवा, वाळू द्या. घाम येतो पण वास कमी. माझा सध्याचा रोजचा उपाय हाच आहे, अँटीपर्स्पिरंट फक्त लग्नाकार्याला. कापलं-खरचटलं असेल तिथं लावली तर जी आग होईल त्याला मी जबाबदार नाही.

लिंबू नको. मी चोळलंय, ट्रिम केल्या दिवशी, आणि त्याच पहाटे राजहंसगड चढायला गेलो, अर्ध्या वाटेवर हात कावळ्यासारखे पसरून चाललो होतो, लोकांना वाटलं योगा करायलाय. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडीवर काळे डाग, फोड पण येऊ शकतात. खायचा सोडा पण रोज लावायची वस्तू नाही, कातडी किंचित आंबट असते, सोडा उलट्या स्वभावाचा, थोड्या दिवसांनी पुरळ.

बुटाचं थोडक्यात. एकच जोड रोज वापरू नका, आत आलेली ओल वाळायला पूर्ण दिवस लागतो, पावसाळ्यात दोन. आतला सोल बाहेर काढा आणि बुटात कालचा तरुण भारत चुरगाळून कोंबा, सकाळी पेपर दमट निघतो तेव्हा कळतं किती पाणी होतं. मोजे रोज धुतलेले, उलटे करून. तळव्यावर बारीक बारीक खड्डे पडलेत आणि वास भयंकर असला तर तो बॅक्टेरियाचा आजार आहे, डॉक्टरच्या क्रीमनं बरा होतो, पावडरीवर पैसे घालवत बसू नका.

खाण्याचं. लसणाचा वास घामातनं येतो हे खरं, त्यातलं एक गंधकवालं द्रव्य रक्तात जाऊन श्वासातनं आणि घामातनं बाहेर पडतं. मेथीचं पण तसंच, थंडीत मेथीचे लाडू खाल्ले की अंगाला एक गोडसर वास येतो, घाबरू नका. आमच्या जिममधला एकजण भात-भाकरी सगळं सोडून नुसती अंडी, चिकन आणि प्रोटीन पावडरवर होता, त्याच्या घामाला अमोनियासारखा, मुतारीसारखा वास यायचा. कार्ब्स फारच कमी आणि व्यायाम लांबलचक असला की शरीर प्रोटीन जाळायला लागतं आणि त्यातनं अमोनिया निघतो. व्यायामाच्या आधी एक भाकरी खायला लागला, थोडं पाणी वाढवलं, कमी झालं. बाकी घाम जास्त म्हणून पाणी कमी प्यायचं हा येडेपणा कुणी करू नका.

आणि काही जणांना काही न करता पण वासच येत नाही, त्यांचा हेवा करून उपयोग नाही, जीनचा खेळ आहे. एबीसीसी ११ नावाचा जीन आहे, त्याचा एक प्रकार कोरिया, जपान, चीनकडच्या लोकांत लई सापडतो, त्यांच्या काखेला वास जवळजवळ नसतो आणि कानातला मळ पण कोरडा असतो. तुमच्या कानातला मळ ओला-चिकट असेल तर तुम्ही आमच्या टीममधले.

डॉक्टरकडं कधी? वास अचानक बदलला, बसल्या जागी धो धो घाम, रात्री अंथरूण भिजतंय, वजन उतरतंय, तर जा. शुगर असलेल्या माणसाच्या श्वासाला सडक्या फळासारखा वास आणि सोबत उलट्या, धाप असली तर त्याच दिवशी, थांबू नका. काखेत परत परत दुखरी गाठ येऊन फुटत असेल तर ते अस्वच्छतेनं नसतं, वेगळा आजार आहे, लाजू नका. आंघोळ करून पण माशासारखा वास येतो असा पण एक दुर्मिळ आजार आहे, लोक अशा माणसाला उगाच घाणेरडा म्हणतात. आणि नुसता घामच जास्त असला, हातातनं वही भिजते एवढा, तर त्याला २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराईड, हाता-पायाला पाण्यातनं हलका करंट, बोटॉक्स अशी ट्रीटमेंट आहे.

राहिलं एक, दुसऱ्याला कसं सांगायचं. आमच्या जिमचा ट्रेनर कानडी, त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं "बेवरु वासने" (घामाचा वास) म्हणून नाक धरलं होतं एका पोरापुढं, ते पोरगं परत आलंच नाही. एकट्याला बाजूला घेऊन सांगा, आणि अंगाला नाव ठेवण्यापेक्षा टी-शर्टाला ठेवा, "हे कापड वास धरायलाय, माझं पण असंच झालेलं, व्हिनेगरमधी भिजव." परवा मी एका नव्या पोराला अगदी असंच सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, दादा, बॅग तुमची आहे, माझी तिकडं आहे.

उघडून बघितलं तर तळाशी आठ दिवसांपूर्वीचा मोजा.